ईसीजी नॉर्मल आला, मग रक्त पातळ करायची गोळी बंद करायची का?

वाचकाचं पत्र:

“आमचे दादा म्हणजे माझे सासरे. वय ७१, वजन ६४ किलो, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. पाच आठवड्यांपूर्वी मिरजेत त्यांची बायपास झाली. तिसऱ्या दिवशी आयसीयूत ठोके अचानक अनियमित झाले, मशीनवर १४० दिसत होते. औषधांनी दोन दिवसांत ठीक झालं. घरी सोडताना कार्डावर लिहून दिलंय: रक्त पातळ करायची असिट्रोम २ मिग्रॅ संध्याकाळी, कॉर्डरोन २०० सकाळी, मेटोप्रोलॉल, इकोस्प्रिन एव्ही ७५, अ‍ॅसिडिटीची पॅन ४० आणि शुगरची गोळी. घरी आल्यावर एकदा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी) केला, २.९ आला. त्याला अठरा दिवस झाले. किडनीचं क्रिएटिनिन १.२ होतं. परवा गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. म्हणाले, एकदम नॉर्मल आहे, आता रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या कशाला? शेजारचे काका व्हॉल्व्ह बदलल्यापासून असिट्रोमवर आहेत, ते म्हणतात पालेभाजी पूर्ण बंद करा. दादांचा एकादशीचा उपास असतो. गुडघा दुखतो म्हणून चार दिवसांपासून मेडिकलमधून आणलेली कॉम्बिफ्लाम दिवसातून दोनदा घेतायत. दोन दिवसांपासून ब्रश करताना हिरड्यांतून थोडं रक्त येतंय. आयएनआर न करावा लागणारी नवी गोळी असते म्हणे, ती मागावी का? की असिट्रोम आता बंदच करावी?”
एक वाचक, जि. सांगली

उत्तर:

तुमचा मुख्य प्रश्न गोळी बंद करण्याचा आहे, पण पत्राच्या शेवटी जे सहज लिहून गेलात त्याकडे आधी बघू. कॉम्बिफ्लाम आणि हिरड्यांतलं रक्त. हे वाचाल त्याच दिवशी कॉम्बिफ्लाम बंद करा. पीटी-आयएनआर, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिनसाठी रक्त द्या. आणि संध्याकाळची असिट्रोम देण्याआधी आयएनआरचा आकडा ऑपरेशन केलेल्या टीमला किंवा तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोनवर सांगून त्या दिवसाचा डोस विचारा. असिट्रोम संध्याकाळी सहाच्या सुमारास द्यायची पद्धत आहे ती याचसाठी. सकाळी रक्त दिलं की दुपारपर्यंत आकडा हातात येतो आणि त्याच दिवशीचा डोस बदलता येतो.

आकडा आला की त्याचा अर्थ तुम्हालाही कळावा. दादांच्या आजारात आयएनआर २ ते ३ मध्ये हवा. सोबत इकोस्प्रिन (अ‍ॅस्पिरिन) चालू असल्यामुळे बरेच तज्ज्ञ २ ते २.५ वरच ठेवायचा प्रयत्न करतात. ३ ते ४.५ आला आणि हिरड्यांखेरीज कुठून रक्त येत नसेल, तर बहुतेक वेळा एखादा डोस गाळतात किंवा आठवड्याचा एकूण डोस १० ते २० टक्क्यांनी कमी करतात. दादांचा आठवड्याचा डोस आज १४ मिग्रॅ आहे. पाच दिवस २ आणि दोन दिवस १ मिग्रॅ असं केलं की १२ होतो. एवढ्याशा बदलानेही आकडा चांगला हलतो. ४.५ ते १० मध्ये आला तर एक-दोन डोस थांबवून एक-दोन दिवसांत पुन्हा तपासतात. १० च्या वर गेला तर रक्तस्राव नसतानाही असिट्रोमवरचा उतारा म्हणून व्हिटॅमिन के तोंडाने देतात. हिरड्यांतल्या थोड्या रक्तापेक्षा जास्त रक्तस्राव असेल तर आकडा कितीही असो, पेशंट दवाखान्यातच हवा. हे आकडे फोनवर डॉक्टर काय सांगतायत ते समजावं म्हणून दिले आहेत. घरच्या घरी डोस बदलण्यासाठी नाहीत.

अठरा दिवसांपूर्वीच्या २.९ वर आज विसंबता येणार नाही, आणि त्याचं कारण कार्डावरच आहे: कॉर्डरोन. त्यातलं अमिओडॅरोन हे औषध ठोके ताळ्यावर ठेवतं, पण यकृतात असिट्रोम ज्या वाटेने निकामी होते ती वाटही अडवतं. म्हणजे असिट्रोम तेवढीच, पण रक्तात ती जास्त वेळ टिकते आणि आयएनआर चढत जातो. हा परिणाम एका दिवसात होत नाही. अमिओडॅरोन शरीरातल्या चरबीत हळूहळू साठतं, म्हणून आयएनआरवरचा त्याचा जोर वाढायला कित्येक आठवडे लागतात. साधारण सातव्या आठवड्याच्या आसपास तो सर्वात जास्त असतो. दादा आत्ता पाचव्या आठवड्यात आहेत. डोस तोच ठेवला तरी आकडा अजून वर सरकण्याचाच काळ आहे हा. अमिओडॅरोनसोबत असिट्रोम किंवा वॉर्फरिनचा (तशीच रक्त पातळ करणारी दुसरी गोळी) डोस एक तृतीयांश ते निम्म्याने कमी करावा लागणं ही नेहमीची गोष्ट आहे. आणि पुढे कॉर्डरोन बंद झाल्यावर नेमकं उलटं होतं. औषध शरीरातून जायला महिने लागतात, त्यामुळे आयएनआर सावकाश उतरत राहतो आणि कमी केलेला डोस अपुरा पडायला लागतो. म्हणून कॉर्डरोन चालू आहे तोवर आठवड्याला एक आयएनआर, आणि ती बंद झाल्यावरही असिट्रोम चालू असेल तर काही आठवडे तसंच. एकदा नॉर्मल आला म्हणून अठरा दिवस सोडून देणं इथे चालत नाही.

त्यावर कॉम्बिफ्लामची भर पडली. त्या गोळीत आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ असतं. आयब्युप्रोफेन जठराचं अस्तर सोलतं, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्सना एकमेकांना चिकटू देत नाही, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करून क्रिएटिनिन वाढवतं आणि बीपी चढवतं. शिवाय ते आधी घेतलं तर इकोस्प्रिनला प्लेटलेटवर बसायला जागाच देत नाही, म्हणजे नव्याने जोडलेल्या रक्तवाहिन्या उघड्या राहाव्यात म्हणून जी गोळी दिली आहे तिचंच काम बिघडतं. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी त्याच घराण्यातली. दुकानदाराला नुसतं ‘गुडघ्याची गोळी द्या’ म्हटलं की यांतलीच एखादी हातात येते. मेडिकलमध्ये पहिलं वाक्य ‘पेशंट असिट्रोमवर आहे’ हे असू द्या.

गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ चालेल, दिवसात जास्तीत जास्त चार गोळ्या. रोज चार-चार गोळ्या आठवडाभर लागायला लागल्या तर पॅरासिटामॉलनेही आयएनआर चढतो, म्हणून डॉक्टरांना सांगा. शेक चालेल. वेदनाशामक बाम मात्र नीट बघून घ्या. ज्यात मिथाइल सॅलिसिलेट किंवा विंटरग्रीनचं तेल आहे तो बाम सकाळ-संध्याकाळ चोळला तर कातडीतून आत जाऊन तोही आयएनआर वाढवतो. आणि एक बघून ठेवा: गुडघा एकाएकी सुजून गरम आणि टणक झालाय का? तसं असेल तर ते संधिवाताचं दुखणं नसून सांध्यात झालेला रक्तस्राव असू शकतो, आणि मग तो त्याच दिवशी दाखवायला हवा.

रक्त द्यायला जाल तेव्हा एका बारीक गोष्टीवर नजर ठेवा. आयएनआरसाठी निळ्या झाकणाची नळी असते. तिच्या तळाशी सायट्रेटचं द्रावण मोजून भरलेलं असतं आणि त्याच्या नऊपट रक्त त्यात पडायला लागतं. नळीवरच्या खुणेपर्यंत रक्त भरलं नाही, तर सायट्रेटचं प्रमाण जास्त होऊन आयएनआर खोटाच वाढलेला येतो. शीर सापडत नाही म्हणून अर्धवट भरलेली नळी तशीच पुढे पाठवली जाते, आणि त्या आकड्यावर चांगला चाललेला डोस कमी केला जातो. आकडा अनपेक्षित आला आणि पेशंटमध्ये काहीच फरक दिसत नसेल, तर डोस बदलण्याआधी पुन्हा नमुना द्यायला सांगा. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये जा. लॅब बदलली की छोटे फरक पडतात आणि उगाच डोस मागेपुढे होतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. बायपासनंतर ठोके असे बिघडणं अगदी नेहमीचं आहे. साधारण शंभरातल्या २० ते ४० जणांना हे होतं, बहुतेकांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. ऑपरेशनने हृदयाच्या आवरणाला आलेली सूज, शरीरात उसळलेलं अ‍ॅड्रेनलिन, पोटॅशियम-मॅग्नेशियमचा ढळलेला तोल, अंगात साठलेलं पाणी ही सगळी कारणं एकत्र येतात. हृदयाचे वरचे कप्पे त्या वेळी नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. डाव्या वरच्या कप्प्याला बोटासारखी एक पिशवी असते. ठोके थरथरत असताना तिच्यातलं रक्त डोहातल्या पाण्यासारखं थबकतं आणि गुठळी धरते ती बहुधा तिथेच. ती सुटून मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. असिट्रोम चालू आहे ती ही गुठळी होऊ नये म्हणून.

ठोके नियमित झाल्यावरही हा धोका त्याच दिवशी संपत नाही. एक तर, विजेची लय सुधारली तरी कप्प्याच्या स्नायूची ताकद लगेच परत येत नाही. काही दिवस ते काही आठवडे तो अर्धवटच आकुंचन पावतो, त्यामुळे पिशवीतलं रक्त तसंच मंद फिरत राहतं. दुसरं म्हणजे ठोके पुन्हा बिघडू शकतात, आणि पेशंटला त्याचा पत्ताही लागत नाही. मेटोप्रोलॉल आणि कॉर्डरोन चालू असताना तर अनियमित ठोकेसुद्धा ८०-९० च्या संथ गतीने पडतात, छातीत धडधड होत नाही. गावातल्या डॉक्टरांनी काढलेला ईसीजी बरोबर आहे आणि तो नॉर्मल आला ही चांगली गोष्ट आहे. पण ईसीजीचा कागद म्हणजे दहा सेकंदांची नोंद. उरलेल्या दिवसाचं आणि रात्रीचं तो काही सांगत नाही.

म्हणून ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ठोके बिघडले आणि ते सुधारले, तरी रक्त पातळ करायची गोळी साधारण ६० दिवस चालू ठेवावी आणि मग पेशंट पुन्हा तपासून ठरवावं, असं अमेरिकी हृदयरोग संघटनांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे बरेच सर्जन तीन महिने सांगतात, तेही वावगं नाही. दादांचे जेमतेम पस्तीस दिवस झालेत. रक्तस्रावामुळे थांबवावी लागली तर गोष्ट वेगळी. नाहीतर आत्ता बंद करू नका.

साठ दिवसांनंतर काय, हे दादांच्या बाबतीत सरळ नाही. कायमच्या अनियमित ठोक्यांसाठी डॉक्टर गुण मोजतात: ६५ ते ७४ वयाला एक, बीपीला एक, डायबेटिसला एक, रक्तवाहिन्यांच्या आजाराला एक. हार्ट फेल्युअर असेल तर एक, पूर्वी अर्धांगवायू होऊन गेला असेल तर दोन, आणि वय ७५ किंवा जास्त झालं की वयाचेच दोन. दादांचे चार होतात. कायमचे अनियमित ठोके असलेल्या पुरुषाला दोन गुण असले तरी गोळी सुचवतात. पण फक्त ऑपरेशनच्या धक्क्याने दोन दिवस ठोके बिघडून पुन्हा न बिघडलेल्या माणसाला गुठळीचा धोका त्यापेक्षा कमी दिसतो, त्यामुळे नुसते चार गुण बघून जन्मभराची गोळी लावणं आम्हाला पटत नाही. नुसता एक नॉर्मल ईसीजी बघून बंद करणंही तितकंच चुकीचं. मध्ये एक पायरी हवी. कॉर्डरोन थांबल्यानंतर किमान २४ तासांचं होल्टर (अंगावर लावलेल्या यंत्राने ठोक्यांची सलग नोंद), जमलं तर छातीवर चिकटवायची सात दिवसांची पट्टी, आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून डावा वरचा कप्पा किती मोठा झालाय ते बघणं. कॉर्डरोन चालू असताना केलेलं होल्टर स्वच्छ आलं तरी त्यावर विसंबता येत नाही, कारण ठोके औषधाने बांधलेले असतात. कप्पा मोठा असेल, होल्टरवर पुन्हा अनियमित ठोके दिसले किंवा ऑपरेशनच्या आधीही कधी धडधडीचा त्रास होता असं दादा सांगत असतील, तर गोळी पुढे चालू ठेवण्याकडे कल असू द्यावा. सोबत टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा. थायरॉइड बिघडलं तरी ठोके बिघडतात, आणि अमिओडॅरोन थायरॉइडला स्वतःच बिघडवू शकतं.

पुढच्या भेटीत सर्जनना एवढंच म्हणा: असिट्रोम कोणत्या तारखेला थांबवायचा विचार करायचा ते कार्डावर लिहून द्या. आमच्या मते डिस्चार्ज कार्डावरची सर्वात मोठी उणीव हीच असते. गोळी लिहिलेली असते, किती दिवस ते लिहिलेलं नसतं. मग कुणी दहाव्या दिवशी थांबवतो, तर कुणी पाच वर्षं विनाकारण घेत राहतो.

दोन गोळ्या कशाला, हा गावातल्या डॉक्टरांचा प्रश्न योग्य आहे. इकोस्प्रिन एव्हीमध्ये अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची अटोर्वास्टॅटिन आहे. अ‍ॅस्पिरिन जोडलेल्या रक्तवाहिन्यांसाठी, असिट्रोम वरच्या कप्प्यातल्या गुठळीसाठी. एक दुसरीचं काम करत नाही. ‘असिट्रोमऐवजी इकोस्प्रिनच दीडशेची घ्या’ असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, कारण या गुठळीवर अ‍ॅस्पिरिनचा उपयोग फारच कमी होतो आणि रक्तस्राव मात्र होतोच. दोन्ही सोबत असताना रक्तस्रावाचा धोका वाढतो हे खरं, म्हणूनच दोन्हीचा काळ मोजून ठेवायचा आणि पॅन ४० सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी न चुकता द्यायची. कार्डावर तिसरी गोळी आहे का तेही तपासा. काही संयुक्त कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल असतं, ते नावावरून लक्षात येत नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचा. क्लोपिडोग्रेल दिसलं तर ते मुद्दाम दिलंय का, हे विचारून घ्या.

मेडिकलमध्ये आणखी एक गफलत होते. असिट्रोम मिळाली नाही म्हणून त्याच आकड्याची वॉर्फरिन दिली जाते, किंवा उलट. दोन्ही रक्त पातळ करणाऱ्याच गोळ्या, पण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारख्या नाहीत. असिट्रोमचा १ मिग्रॅ म्हणजे ढोबळमानाने वॉर्फरिनचे २ मिग्रॅ. वॉर्फरिन २ वर असलेल्याला असिट्रोम २ दिली, तर डोस दुप्पट झाला. एक ब्रँड मिळाला नाही तर गोळी बदलू नका, दुसऱ्या दुकानात जा. आणि एकाच घरात १ आणि २ मिग्रॅची दोन्ही पाकिटं असतील तर एक दिवसाआड डोसचा हमखास घोळ होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या रोजच्या चौकोनात आदल्या रविवारीच आठवड्याचे डोस लिहा आणि गोळी दिली की खूण करा. आयएनआरचा आकडाही त्याच चौकोनात.

पालेभाज्यांबद्दल शेजारच्या काकांचं ऐकू नका. असिट्रोम व्हिटॅमिन के च्या विरुद्ध काम करते आणि हिरव्या पानांत ते भरपूर असतं, एवढं त्यांचं बरोबर. १०० ग्रॅम पालकात सुमारे ४८० मायक्रोग्रॅम, कोबीत त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकं, दुधी, वांगं, बटाट्यात नगण्य. पण भाजी पूर्ण बंद केली की शरीरातला साठा रिकामा होतो, आणि मग एखाद्या लग्नात अळूचं फदफदं खाल्लं तरी आयएनआर एकदम खाली येतो. पालक, मेथी, शेपू, माठ, चाकवत आठवड्यातून जितक्यांदा आणि जितकी आजवर खात होतात तितकीच ठेवा. वाटीभर भाजी आठवड्यातून तीनदा असेल तर तीनदाच. डॉक्टर डोस त्या जेवणानुसार बसवतात. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला आणि मेथी रोज यायला लागली की आयएनआर उतरतो, आणि आजारपणात दोन-चार दिवस नुसत्या पेजेवर राहिलं की चढतो, हे लक्षात ठेवून त्या त्या वेळी एक जादा तपासणी करा. आमटीतली कोथिंबीर, फोडणीतली हळद आणि लसूण याने काही होत नाही. हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल आणि कुठलाही काढा मात्र नको.

एकादशीचा उपास चालेल. एका दिवसाच्या साबुदाण्याने आयएनआर फारसा हलत नाही, असिट्रोम नेहमीच्या वेळी घ्यायची. मात्र शुगरच्या गोळीचं काय करायचं ते आधी विचारून ठेवा, उपासाच्या दिवशी साखर उतरण्याचा धोका जास्त तातडीचा असतो. नवरात्राचे नऊ दिवसांचे उपास यंदा नकोत.

नव्या गोळ्यांबद्दल: एपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन, डॅबिगाट्रान. यांना आयएनआर लागत नाही, पालेभाजीची अडचण नाही आणि मेंदूतला रक्तस्राव असिट्रोमपेक्षा कमी होतो. धातूचा व्हॉल्व्ह बसवलेला असेल किंवा संधिज्वराने मायट्रल झडप मध्यम ते जास्त आकसलेली असेल तर या गोळ्या चालत नाहीत, असिट्रोम किंवा वॉर्फरिनच लागते. म्हणून शेजारच्या काकांना ही गोळी सुचवू नका. दादांची नुसती बायपास आहे. इकोच्या रिपोर्टवर झडप आकसल्याचा उल्लेख नसेल तर त्यांना चालण्यासारखी आहे, आणि कॉर्डरोन चालू असताना आयएनआर असा सरकत राहणार असेल तर ही गोळी मागणं योग्यच आहे.

मात्र डोस मूत्रपिंडावर ठरतो आणि तिथे दादा काठावर आहेत. हिशेब असा: १४० मधून वय वजा, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन. स्त्रियांसाठी उत्तराला ०.८५ ने गुणतात. दादांचं ६९ गुणिले ६४, भागिले ८६.४, म्हणजे ५१. रिव्हारॉक्साबॅन ५० च्या वर २० मिग्रॅ आणि ५० किंवा खाली १५ मिग्रॅ असते. क्रिएटिनिन १.२ चं १.३ झालं की दादांचा आकडा ४७ होतो आणि डोस बदलतो. चार दिवसांची कॉम्बिफ्लाम किंवा एखादं जुलाब-उलटीचं आजारपण एवढ्याला पुरतं. रिव्हारॉक्साबॅन जेवणासोबतच घ्यावी लागते, रिकाम्या पोटी तिचा एक तृतीयांश भाग वाया जातो. उपासाच्या दिवशी ती पोटभर फराळासोबत घ्यायची. एपिक्साबॅनचा डोस कमी करायला वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त यांतल्या दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. दादांची एकही नाही, म्हणून ५ मिग्रॅ दोनदा. ‘वय झालंय’ म्हणून २.५ लिहिली असेल तर कारण विचारा. डॅबिगाट्रानने पोटात जळजळ होते, तिची कॅप्सूल फोडायची नसते आणि पाकिटातून काढून डबीत भरून ठेवायची नसते, दमटपणाने ती खराब होते. असिट्रोमवरून बदलताना दोन्ही गोळ्या एकत्र चालू ठेवायच्या नाहीत. असिट्रोम थांबवून आयएनआर २ च्या खाली आल्यावर एपिक्साबॅन सुरू करतात. आणि या गोळ्यांचा असर एका दिवसात ओसरतो. दोन डोस विसरले तर संरक्षण गेलं. तपासणी नाही म्हणून ढिलाई करणाऱ्या घरात ही गोळी असिट्रोमपेक्षा धोक्याची ठरते.

असिट्रोमचा डोस विसरला आणि त्याच रात्री आठवलं तर घ्यायचा. दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडून द्यायचा, दोन एकदम कधीच नाहीत, आणि कॅलेंडरवर तशी नोंद करायची. ताप-सर्दीला गावात कमरेत इंजेक्शन देतात, ते दादांना नको. स्नायूत खोल रक्त साठून तो भाग टणक होतो. गोळी किंवा शिरेतून औषध मागा. मेट्रोनिडाझोल, कोट्रायमोक्साझोल, फ्लुकोनाझोल या औषधांनी आयएनआर झपाट्याने वाढतो, टीबीच्या रिफॅम्पिसिनने खूप खाली येतो. कोणतंही अँटिबायोटिक सुरू झालं की तीन-चार दिवसांत आयएनआर करा. दात काढायचा असेल तर स्वतः गोळी बंद करू नका. आयएनआर आटोक्यात असेल तर बहुतेक दात गोळी चालू ठेवूनच काढता येतात.

रक्तस्राव घरी कसा ओळखायचा? हिरड्यांतलं थोडं रक्त, दाढी करताना कापलं ते जरा जास्त वाहणं, याला फोन पुरे. नाकातून आलं तर पुढे वाकून बसवा आणि नाकाचा मऊ भाग पंधरा मिनिटं न सोडता दाबून धरा, तरी थांबलं नाही तर दवाखाना. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी म्हणजे पोटात रक्तस्राव, त्याच तासाला निघा. ऑपरेशननंतर लोहाची गोळी दिलेली असेल तर शी काळपट होते, पण ती चिकट नसते आणि तो वास नसतो. लघवी लाल होणं, पायाची नस काढलेल्या जखमेखाली फुगवटा वाढत जाणं, हेही त्याच दिवशी दाखवायचं. डोक्याला मार लागला तर दादा कितीही ठणठणीत दिसोत, सीटी स्कॅन करून घ्या. मेंदूभोवती साठणारं रक्त काही तासांनी, कधी काही दिवसांनी लक्षण दाखवतं.

हृदयाच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेल्यांना आणखी एक गोष्ट होऊ शकते, आणि ती ‘अशक्तपणा असेल’ म्हणून हमखास दुर्लक्षली जाते. हृदयाभोवतीच्या आवरणात हळूहळू रक्त किंवा पाणी साठतं आणि हृदय दाबलं जातं. पहिल्या दीड-दोन महिन्यांत दादांची चालण्याची ताकद वाढायच्या ऐवजी घटू लागली, आडवं पडल्यावर धाप लागू लागली, उभं राहिल्यावर भोवळ, पायांवर सूज, बीपी नेहमीपेक्षा कमी असं दिसलं, तर टॉनिक न आणता त्याच दिवशी टू-डी इको करून घ्या.

उलट बाजूला, चेहरा एका बाजूला ओढला जाणं, एक हात गळणं, बोलणं अडखळणं यांतलं एक जरी दिसलं तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. पाणी पाजू नका, जादा इकोस्प्रिन देऊ नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि असिट्रोमवर असलेल्याला आयएनआर १.७ च्या वर असेल तर ते देत नाहीत, नळी घालून गुठळी बाहेर काढण्याचा मार्ग बघतात. म्हणून शेवटची गोळी किती वाजता दिली, शेवटचा आयएनआर किती होता आणि लक्षण दिसण्याआधी दादा किती वाजेपर्यंत ठीक होते, हे तीन आकडे लागलीच सांगता आले पाहिजेत. दादांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: नाव, घरचा फोन, ‘असिट्रोम चालू’, बायपासची तारीख.

रोज सकाळी चहाच्या आधी दादांची नाडी बघायला शिका. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. आकडा लिहाच, पण ठोके सारख्या अंतराने पडतायत की कुठलाच ताल न धरता मागेपुढे पडतायत, हे जास्त महत्त्वाचं. ताल चुकलाय असं वाटलं तर त्याच वेळी ईसीजी काढा, दुपारपर्यंत थांबलात तर ठोके सुधारून जातात आणि पुरावा मिळत नाही. गोळी बंद करायची तारीख ठरली की असिट्रोम हळूहळू कमी करत न्यायची गरज नसते, त्या संध्याकाळपासून देणं थांबवायचं. दोन-तीन दिवसांत तिचा असर ओसरतो. कॉर्डरोनच्या जोडीने घेतलेली असेल तर त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. असिट्रोम थांबली तरी इकोस्प्रिन एव्ही चालूच ठेवायची, आणि नाडी बघणं पुढचे काही महिने सुरू ठेवायचं.